मागून येणाऱ्यासाठी चिठ्ठी: प्रवासात मित्रांसाठी निरोप कसा लपवावा

माझी पहिली चिठ्ठी अजूनही एका दगडी पुलाच्या कठड्यात अडकून पडलेली असेल. मित्र तीन आठवड्यांनी त्याच वाटेने जाणार होता. मी त्याला कळवलं होतं, "पुलावर उजव्या हाताला, तिसऱ्या खांबापाशी, खालच्या फटीत." तो आला पलीकडच्या टोकाकडून. त्याचा उजवा हात म्हणजे माझा डावा, आणि त्याचा तिसरा खांब म्हणजे माझा शेवटून तिसरा. पाऊण तास तो फटींमध्ये बोटं घालत फिरला, येणारेजाणारे टकमक बघायला लागले, आणि शेवटी गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला.

चिठ्ठी लपवणं कुणालाही जमतं. नेमकी त्याच माणसाला सापडेल आणि बाकी कुणाला दिसणार नाही अशी लपवणं, हे काम आहे. पहिल्या सात चिठ्ठ्यांपैकी माझ्या दोनच पोहोचल्या. बाकीच्या पाच कशा वाया गेल्या, त्यातून खालचं बहुतेक सगळं शिकलो.

१. आधी माणूस, मग जागा

नवखे लोक आधी भारी जागा शोधतात आणि मग तिथे कुणासाठी ठेवू याचा विचार करतात. उलट करा. तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा: तो माणूस तिथे नक्की जाणार आहे का, किती दिवसांनी जाणार आहे, आणि तिथे त्याच्या हाताशी किती वेळ असेल.

दुसऱ्या प्रश्नावर सगळं सामान ठरतं. दोन दिवसांचा प्रश्न असेल तर घडी घातलेला साधा कागदही चालतो. महिना असेल तर बंद डबी हवी. वर्षभराचा विचार असेल तर चिठ्ठी उघड्यावर ठेवूच नका, ती कुणा माणसाच्या हाती द्या. तेवढ्या काळात झाडं छाटली जातात, कठडे रंगवले जातात, बाकडी उचलून दुसरीकडे नेली जातात.

तिसरा प्रश्न सगळे विसरतात. लहान मुलं बरोबर असलेल्या, सामान ओढत चाललेल्या मैत्रिणीला टेकडीवर चढायला लावू नका. तिच्यासाठी ती तशीही थांबणार आहे अशी जागा शोधा.

मित्राला आधी सांगायचं की नाही? माझं मत स्पष्ट आहे: चिठ्ठी आहे एवढं सांगाच. काहीच न सांगता ठेवलेली चिठ्ठी योगायोगाने सापडते ती फक्त गोष्टींमध्ये. आश्चर्य चिठ्ठीतल्या मजकुराचं असू द्या.

२. बरोबर ठेवायचं सामान

- पेन्सिल, किंवा साधं बॉलपेन
- जाड कागद. लांबच्या मुदतीसाठी पाण्याने न भिजणारा कागद
- झिप असलेल्या छोट्या प्लॅस्टिक पिशव्या
- घट्ट फिरकीच्या झाकणाची छोटी पारदर्शक डबी किंवा जाड नळी
- ओल शोषणारी सिलिका जेलची एखादी पुडी, नव्या वस्तूंच्या खोक्यात मिळते तीच
- दोरा, आणि एक छोटं पण ताकदीचं चुंबक
- ऑफलाइन नकाशा उतरवून घेतलेला फोन
- छोटी नोंदवही

शाईबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच माझी एक चिठ्ठी गेली. जेल पेनची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी असते. डबीत थोडा दमट वारा शिरला की अक्षरं पसरतात. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती टिकते. सगळ्यात भरवशाची पेन्सिल: ग्राफाइट ना पाण्यात विरघळतं, ना उन्हात उडतं. घासून खोडता येणाऱ्या शाईचं पेन मात्र चुकूनही वापरू नका. ती शाई उष्णतेने अदृश्य होते, साधारण ६० अंश सेल्सियसला, आणि उन्हात तापलेल्या बंद डबीला तिथपर्यंत पोहोचायला फारसा वेळ लागत नाही. माझ्या मैत्रिणीने डबी शोधली, उघडली, आणि तिच्या हातात कोरा कागद आला. तिला वाटलं हाच विनोद आहे. (चिठ्ठी फ्रीझरमध्ये ठेवली की अशी अक्षरं पुन्हा उमटतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.) दुकानातल्या पावतीच्या पाठीवरही लिहू नका. तो कागद उष्णतेवरच छापला जातो आणि तापला की काळवंडतो.

डबीचं म्हणाल तर जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी दिसायला छान, पण तिचं दाबून बसणारं झाकण पाणी पूर्ण अडवत नाही. ती वापरायचीच असेल तर चिठ्ठी आत झिपच्या पिशवीत घाला. पिशवी बंद करण्याआधी हवा दाबून काढा आणि चिठ्ठी कोरड्या जागी बसून भरा. भर पावसात भरलेली डबी आतली ओल बाहेर जाऊ देत नाही, हे ध्यानात ठेवा.

३. जागा कशी निवडावी

चांगल्या जागेला माझ्या चार अटी आहेत. तिथे हात घालायला काही हलवावं, तोडावं, उकरावं लागू नये. तिथे दोन मिनिटं उभं राहिलं तर कुणाला विचित्र वाटू नये. ती मित्राच्या उंचीच्या टप्प्यात असावी. आणि तिचं वर्णन एका वाक्यात करता यावं.

चौथ्या अटीवर बहुतेक जागा बाद होतात. "मोठ्या झाडाच्या मागच्या खडकांपैकी एका खडकाखाली" ही जागा नव्हे, ती शिक्षा आहे. जिथे एकच वस्तू वेगळी दिसते तिथे जा: एकुलतं एक वाकडं झाड, तुटक्या पाठीचं बाकडं, अंतर दाखवणारा दगड, जिन्याची सगळ्यात खालची पायरी.

लोक खाली वाकून शोधतात, वर बघत नाहीत. म्हणून डोक्याच्या थोडं वर, हात सहज पोहोचेल अशा जागी ठेवलेली चिठ्ठी परक्या नजरेतून सुटते. अर्थात मित्राला "वर बघ" असं सांगायला विसरू नका. उंच मित्रांनो, तुमच्या हाताच्या टप्प्यावर तुमची बुटकी मैत्रीण पोहोचत नसते.

चुंबक लावणार असाल तर आधी लावून बघा. ॲल्युमिनियमच्या कठड्याला ते चिकटत नाही, आणि बऱ्याच स्टेनलेस स्टीललाही नाही. जाड रंगाचा थर असेल तर पकड ढिली होते. लावल्यावर दोन बोटांनी टिचकी मारा. पडलं तर वाऱ्यानेही पडणार.

ऋतूचा विचार करा. ओढ्याकाठची कोरडी कपार दोन महिन्यांनी पाण्याखाली असू शकते. समुद्रकिनारी भरतीची रेषा दगडांवरच्या शेवाळावरून दिसते, तिच्या चांगलं वर जा. दाट पानांमुळे झाकलेली फांदी पानगळीनंतर उघडी पडते. उलटंही होतं: तुम्हाला लख्ख दिसलेली खूण वेलीखाली गडप होते.

फार लपवू नका. इक्वाडोरच्या गालापागोस बेटांपैकी फ्लोरिआनावर एक लाकडी पिंप आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून देवमाशांच्या शिकारीला निघालेले खलाशी त्यात पत्रं टाकत, आणि घरच्या दिशेने जाणारं जहाज ती उचलून नेई. आजही प्रवासी तिकीट न लावता त्यात पत्रं टाकतात आणि आपल्या गावाजवळच्या पत्त्याचं पत्र सापडलं तर स्वतः नेऊन देतात. तिथे काहीही लपवलेलं नाही. सगळ्यांना माहीत असलेली उघडी जागा कधी कधी सगळ्यात सुरक्षित ठरते. वाटेवरच्या मुक्कामाच्या ठिकाणी सूचनाफलक असतो, पाहुण्यांची वही असते. तिथे मित्राच्या टोपणनावाने लिहिलेल्या चार ओळी डबीपेक्षा जास्त दिवस टिकतात.

४. इथे अजिबात ठेवू नका

विमानतळ, रेल्वे स्थानक, बसस्थानक, सरकारी इमारत, लष्करी हद्द, शाळेचं आवार, मोठ्या पुलाची खालची बाजू. या ठिकाणी कोपऱ्यात चिकटवलेली डबी म्हणजे चिठ्ठी नव्हे, संशयास्पद वस्तू. ती उघडायला बॉम्बशोधक पथक येतं. डबी पारदर्शक घ्या असं मी वर सांगितलं ते याचसाठी. तारा, काळी चिकटपट्टी, धातूची नळी हे सगळं टाळा. डबीवर बाहेरून दिसेल असं लिहा: "मित्रासाठी चिठ्ठी, आत फक्त कागद."

प्राचीन वास्तू, लेणी, किल्ल्याच्या भिंती इथेही नको. सैल झालेला दगड आज तुम्ही सरकवता, उद्या शोधणारा तीन दगड सरकवतो. रचलेल्या दगडांच्या राशींनाही हात लावू नका. डोंगरात त्या वाट दाखवायला असतात.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय वस्तू ठेवून जाणं बऱ्याच देशांत नियमाविरुद्ध आहे. खाजगी जागा असेल तर मालकाला विचारा. विचारल्यावर लोक बहुतेक वेळा हसून हो म्हणतात, आणि मग तेच तुमच्या डबीची राखणही करतात.

आणि पुरू नका. कुठेच नाही. खणणारा माणूस सगळीकडे वाईट दिसतो, जमिनीखाली काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं, आणि मित्राने बरोबर फावडं आणलेलं नसतं.

डबीत खाऊ, सुगंधी वस्तू, काडेपेटी नको. वासाने प्राणी येतात, डबी चावून फोडतात आणि प्लॅस्टिक रानात पसरतं.

५. ठिकाणा कळवणं

माझा नियम: पत्ता तीन थरांत द्यायचा. कुठे यायचं, कशासमोर उभं राहायचं, हात कुठे घालायचा.

पहिला थर फोनवर सोपा आहे. नकाशावर त्या जागी बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात. दशांश चिन्हापुढे चार आकडे असतील तर साधारण ११ मीटरपर्यंतचा ठिकाणा कळतो, पाच असतील तर साधारण १ मीटरपर्यंतचा. पाचापुढे लिहू नका, कारण खुल्या आकाशाखालीही फोन स्वतःची जागा चार-पाच मीटरच्या फरकानेच सांगतो. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा घळीत तो फरक कितीतरी वाढतो. नुसती लिंक पाठवून थांबू नका, आकडे मजकुरातही लिहा. जिथे चिठ्ठी असते तिथे रेंज नसते, हा माझा अनुभव आहे.

हा सगळा खेळ तसा नवाच. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी सरकार सर्वसामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने रानात एक बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले. जिओकॅशिंग, म्हणजे आकड्यांवरून लपवलेली डबी शोधण्याचा खेळ, तिथून सुरू झालं. त्याच्या कितीतरी आधी, १८५४ मध्ये, इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली होती. तिथवर पायी पोहोचणारे लोक तिच्यात आपलं कार्ड टाकून येत. तेव्हा ठिकाणा कळायचा तो शब्दांतून. दुसऱ्या थरासाठी आजही शब्दच लागतात.

दुसऱ्या थरात डावं-उजवं वापरायचंच असेल तर तोंड कुठे आहे ते आधी सांगा: "नदीकडे तोंड करून उभा राहा, आता डावीकडचा दुसरा खांब." नदी, डोंगर, समुद्र जागा बदलत नाहीत. दुकानाची पाटी, उभी गाडी, वाळत घातलेले कपडे बदलतात. पावलांनी मोजू नका. माझी वीस पावलं म्हणजे माझ्या पुतणीची सत्तावीस. वस्तू मोजा: खांब, पायऱ्या, खिडक्या. आणि पहिली पायरी मोजायची की नाही तेही सांगा.

तिसरा थर एका वाक्याचा: "गुडघ्याच्या उंचीवर, मागच्या बाजूला, दोरा लोंबतोय."

दोन फोटो काढा, एक दहा पावलांवरून आणि एक अगदी जवळून. दूरचा फोटो आधी पाठवा. जवळचा राखून ठेवा, मित्र हताश झाला की पाठवायला. डबी परत येईपर्यंत दोन्ही फोटो कुठेही सगळ्यांसमोर टाकू नका. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाचे आकडेही असू शकतात, आणि फाइल जशीच्या तशी पाठवली की ते बरोबर जातात.

ठेवून झाल्यावर निघायच्या आधी एक गोष्ट कराच. वीस पावलं मागे जा, स्वतःचा संदेश मोठ्याने वाचा आणि त्याप्रमाणे चालत या. शक्य असेल तर पलीकडच्या बाजूनेही. पुलावर मी हे केलं असतं तर हा लेख वेगळ्या परिच्छेदाने सुरू झाला असता.

६. कोडं घालायचं असेल तर

एकच घाला. ठिकाण कोड्यात, की उंची कोड्यात, ते निवडा. दोन्ही कोड्यात घातलीत तर मित्र फोन करून विचारणार आणि मग कोड्याला अर्थ उरत नाही.

सोपा उपाय म्हणजे प्रत्येक व्यंजन वर्णमालेत एक घर पुढे सरकवायचं, मात्रा तशाच ठेवायच्या. "पूल"चं "फूव" होतं. वाटसरूला कळत नाही, किल्ली माहीत असलेल्याला मिनिटभरात उलगडतं. मात्र ङ आणि ञ दिसले की भाषा जाणणारा कुणीही ओळखतो काहीतरी सरकवलंय. त्याहून गोड उपाय म्हणजे दोघांनाच ठाऊक असलेली आठवण: "ज्या आकाराच्या खडकावर तू तेव्हा पाय घसरून बसलास, तसाच इथे एक आहे." हे जगातल्या कुठल्याच यंत्राला सुटणार नाही.

७. चिठ्ठीत काय असावं

तारीख. सगळे विसरतात, आणि वाचणारा सगळ्यात आधी तीच शोधतो. मग तिथे उभं राहून तुम्ही जे पाहिलं, ऐकलं ते. "तुझी आठवण येते" हे फोनवरही सांगता येतं. "आत्ता समोरच्या भिंतीवर एक मांजर माझ्याकडे असं बघतंय की जणू ही जागा त्याने भाड्याने घेतलीय" हे तिथेच लिहिता येतं. त्या भिंतीसमोर उभं राहून वाचणाऱ्याला त्याची मजा वेगळी. थोडी जागा कोरी ठेवा, त्याला उत्तर लिहायचं असेल.

पूर्ण नाव, फोन नंबर, घरचा पत्ता, मुक्कामाची खोली, पुढच्या प्रवासाच्या तारखा यातलं काहीही लिहू नका. टोपणनाव पुरे. चिठ्ठी परक्याच्या हाती पडू शकते हे गृहीत धरूनच लिहा. पैसे आणि किल्ल्याही नकोत.

८. सापडल्याची खूण

हा भाग लोकांना फालतू वाटतो. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट.

१८६१ साली बर्क आणि विल्स यांची मोहीम खंड ओलांडून उत्तरेकडे गेली होती. कूपर क्रीक नावाच्या ओढ्याकाठच्या तळावर ब्राही नावाच्या माणसाची तुकडी त्यांची वाट बघत थांबली होती. चार महिन्यांहून जास्त काळ थांबून ब्राहीने २१ एप्रिलच्या सकाळी तळ सोडला. जाताना झाडाखाली अन्न आणि चिठ्ठी पुरली आणि खोडावर खणण्याची खूण कोरली. त्याच दिवशी संध्याकाळी बर्क, विल्स आणि त्यांचा साथीदार किंग तिथे पोहोचले. त्यांनी अन्न काढलं, आपली चिठ्ठी पुरली, जमीन होती तशी सारखी केली आणि दुसऱ्या वाटेने निघाले. खोडावर नवीन खूण मात्र केली नाही. मे महिन्यात ब्राही परत येऊन गेला. सगळं जसंच्या तसं दिसलं, म्हणून त्याने खणलंच नाही. बर्क आणि विल्स त्या भागातच मरण पावले. किंग तिथल्या आदिवासींच्या आधाराने जगला.

तुमच्या चिठ्ठीवर कुणाचा जीव अवलंबून नसेल, पण घोळ नेमका तोच होतो. चिठ्ठी मित्राने घेतली की वाऱ्याने नेली, हे तुम्हाला कळत नाही. म्हणून आधीच ठरवा: चिठ्ठी घेतली की डबीवरचा दोरा सोडायचा, किंवा उत्तर लिहून डबी उलटी ठेवायची, किंवा सरळ एक शब्दाचा निरोप पाठवायचा. एकाच ठिकाणी तीन-चार मित्र पाठोपाठ जाणार असतील तर आत एक कागद ठेवा, प्रत्येकाने तारीख आणि टोपणनाव टाकायचं. शेवटचा कोण ते ठरवून ठेवा. तो डबी घेऊन येतो.

९. शोधणाऱ्याला चार शब्द

हे त्याला जसंच्या तसं पाठवा. न दिसणाऱ्या फटीत हात घालू नकोस, आधी टॉर्च मार, मग काठीने चाचप. साप, विंचू, गांधीलमाश्या यांनाही तीच जागा आवडते. अंधारात जाऊ नकोस. कुणी विचारलं तर खरं सांग, "मैत्रिणीने चिठ्ठी ठेवलीय." बहुतेक वेळा विचारणाराच शोधायला लागतो. वीस मिनिटांत नाही सापडली तर फोन कर.

१०. ठेवताच येत नसेल तर

काही ठिकाणी खरंच जागा नसते. तेव्हा चिठ्ठी मुक्कामाच्या ठिकाणी काउंटरवर द्या, पाकिटावर मित्राचं नाव आणि तो येण्याची तारीख लिहा, आणि घेणाऱ्या माणसाची पाळी कधी संपते ते विचारा. पाळी बदलली की पाकीट खणात जातं आणि विसरलं जातं. माझी एक चिठ्ठी अशीच गेली.

टपालाचा जुना मार्गही अनेक देशांत चालू आहे. पोस्ट रेस्तांत म्हणजे पत्र पत्त्यावर न जाता त्या गावच्या टपाल कार्यालयात थांबतं आणि ओळखपत्र दाखवून घ्यायचं असतं. पाकिटावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे, इथे टोपणनाव चालत नाही. पत्र किती दिवस ठेवतात ते देशागणिक वेगळं असतं, म्हणून आधी विचारा.

११. नोंद, आणि उचलून आणणं

नोंदवहीत प्रत्येक चिठ्ठीला एक ओळ द्या: जागा, आकडे, कुणासाठी, ठेवल्याची तारीख, कधीपर्यंत. ती मुदत टळली आणि निरोप आला नाही, तर ती डबी आता कचरा आहे, आणि तो तुमचा आहे. परत जाणं होणार नसेल तर त्या बाजूला जाणाऱ्या कुणाला तरी उचलायला सांगा. माझ्या वहीत आज तीन ओळी उघड्या आहेत. त्यातली एक पुलाची. पुढच्या महिन्यात एक ओळखीची तिकडे चालली आहे. तिला या वेळी दोन्ही टोकांकडून लिहून दिलंय.